ग्रहणाची निगेटिव्ह आणि स्कॅनर

१६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया अंकोला, हुबळी, रायचूर या वाटेने गेली. बेळगाव-निपाणीकडच्या ज्या कोणा हौशी छायाचित्रकारापाशी त्या दिवसाच्या सहा सेंटिमीटर रुंदीच्या निगेटिव्ह अजून असतील, त्याने स्कॅनर घेताना इंचामागील बिंदूंच्या जाहिरातीस भुलू नये. २४०० बिंदू खरोखर मिळाले, तरी चौकटीची एकेक बाजू पाच हजारांवर बिंदूंची भरते. तेवढे पुष्कळ झाले.

खरी परीक्षा घनतेची. सूर्यबिंबालगतचे प्रभामंडल निगेटिव्हवर काळेकुट्ट उमटते. त्या काळोखातून ज्या यंत्राचा प्रकाश पार होत नाही, ते प्रभेच्या जागी नुसता पांढरा डाग हाती देते. दुसरा शत्रू धूळ. निगेटिव्हवरील कण चित्र उलटताच पांढरा ठिपका होतो. मग तारा कोणता नि कचरा कोणता, हे ओळखावे कसे? अवरक्त किरणांनी धूळ पुसण्याची सोय रंगीत फिल्मला उपयोगी. कृष्णधवल फिल्ममधील चांदी त्या किरणांनाही अडवते. तेथे हवेचा फुगा नि मऊ कुंचलाच बरा.

निकॉनचा कूलस्कॅन ९००० उत्तम खरा, पण तो आता जुनाच मिळतो. माझे मत सपाट काचेच्या, सोळा-बिटी यंत्राकडे झुकते. मात्र पैसे मोजण्यापूर्वी आपली सर्वांत गडद निगेटिव्ह त्यावर घालून पाहावी.