अर्धपोटी धावणाऱ्या मुली

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय घरात कुजबुजत बोलला जातो, व्यासपीठावरून फारसा नाही. सभागृहात आया आहेत, मुली आहेत, मागच्या रांगांत वडील आणि क्रीडाशिक्षकही दिसतायत. त्यांनी उठून जाऊ नये, कारण यातलं बरंचसं त्यांच्यासाठीच आहे.

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एका प्रकारच्या मुली वाढल्या आहेत. वय १८ ते २५. अंगाने सडपातळ, नाहीतर मध्यम. कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावते, कुणी जिमला जाते, कुणी भरतनाट्यम शिकते, कुणाचं लग्न ठरलेलं असतं. भात सोडलेला, साखर सोडलेली, रात्री जेवणाच्या नावाखाली सूप नाहीतर काकडी-टोमॅटो. चार-सहा महिने पाळी आलेली नसते, पण तक्रार पाळीची नसतेच. केस गळतात, पोट साफ होत नाही, उन्हाळ्यातही हातपाय गार पडतात, नडगी दुखते. पाळीचं मी विचारलं की उत्तर येतं, "नाही येत सध्या. पण बरंच आहे, प्रॅक्टिसला त्रास नाही." सराव कसून चालला की पाळी जायचीच, असं सांगणारे कोचही आहेत. हे चूक आहे. पाळी जाणं ही तयारीची खूण नाही, उपासमारीची आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. तिथून साधारण तासा-दीड तासाने एका संप्रेरकाचा झोत सुटतो. तो पिट्युटरी ग्रंथीला जागं करतो आणि पिट्युटरी बीजकोशांना. मग बीज पिकतं, इस्ट्रोजेन तयार होतं, गर्भाशयाचं अस्तर वाढतं आणि महिन्याने झडतं. शरीरात साठा किती, रोजची आवक किती, याची खबर चरबीतून निघणारं लेप्टिन आणि इतर संप्रेरकं मेंदूला देत असतात. आवक घटली की झोत विरळ होतात. दुष्काळाच्या साली शेतकरी घरची चूल विझू देत नाही, पण लेकीचं लग्न पुढच्या सालावर ढकलतो. शरीरही हृदय आणि मेंदू चालू ठेवतं आणि मूल होण्याची तयारी थांबवतं. बीजकोश धड असतात, गर्भाशय धड असतं, वरून हुकूमच येत नाही.

१९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा अडवला, तेव्हा तिथल्या असंख्य बायकांची पाळी थांबली आणि पुढच्या काही महिन्यांत जन्म झपाट्याने घटले. अन्न परत आलं, तशा पाळ्याही परतल्या. टंचाई नाकेबंदीने आली की डाएट चार्टने, हे हायपोथॅलॅमसला कळत नाही.

पूर्वी आम्ही मानायचो की प्रश्न चरबीचा आहे. १९७४मध्ये रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी मांडलं होतं की पाळी चालू राहायला अंगात चरबीचं किमान प्रमाण लागतं. पुढे अ‍ॅन लाउक्स यांच्या प्रयोगांनी वेगळं दाखवलं. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराला किती ऊर्जा उरते, यावर सगळं ठरतं. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात निरोगी तरुणींना फक्त ५ दिवस कमी ऊर्जेवर ठेवलं, तर तेवढ्यातच संप्रेरकाचा ताल बिघडला.

हिशोब करून बघू. ५० किलोची मुलगी घ्या. तिच्या अंगात १० किलो चरबी, म्हणजे बाकीचं शरीर ४० किलोचं. या प्रत्येक किलोला दिवसाला सुमारे ४५ कॅलरी मिळाल्या की सगळं सुरळीत चालतं, म्हणजे १८०० कॅलरी, आणि धावण्यासाठी लागतील त्या वेगळ्या. ३०च्या खाली गेलं की बिघाड सुरू होतो. प्रत्येकीची मर्यादा थोडी पुढे-मागे असते, पण अंदाज येतो. आता ही मुलगी १४०० कॅलरी खाते आणि ४०० धावण्यात घालवते. उरल्या १०००. म्हणजे किलोमागे २५. ती जेवत नाही असं कुणी म्हणणार नाही. दोन्ही वेळा ताटावर बसते. वजनही एका जागी थांबलेलं असू शकतं, कारण शरीराने आपला खर्च कमी केलेला असतो. म्हणून "वजन तर ठीक आहे" या वाक्यावर विसंबू नका.

इथे एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. पाळी चुकली की घरचे मुलीला सोनोग्राफीला नेतात. बीजकोशात बारीक बारीक पुटिका दिसतात आणि रिपोर्टवर पीसीओडी लिहून येतं. अशा पुटिका उपासमारीने पाळी गेलेल्या मुलींतही अनेकदा दिसतात. मग तिला सल्ला मिळतो, वजन कमी कर, भात-गोड बंद, व्यायाम वाढव. जाड मुलीला पीसीओडीत हा सल्ला उपयोगी पडतो. या मुलीला तो आणखी खड्ड्यात ढकलतो. म्हणून आधी गर्भधारणेची तपासणी, मग थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन यांच्या रक्ततपासण्या, आणि त्याहूनही आधी शांतपणे एक प्रश्न: काल दिवसभरात तू काय काय खाल्लंस?

मूल पुढे होईल की नाही याची काळजी आया करतात. मला हाडांची काळजी जास्त वाटते. आयुष्यभर पुरायचं हाड बहुतांशी विशीपर्यंत भरतं आणि त्यासाठी इस्ट्रोजेन लागतं. १९८४मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर आणि सहकाऱ्यांनी पाळी थांबलेल्या खेळाडूंची हाडं मोजली. सरासरी वय पंचविशीचं, आणि कण्याच्या हाडांची घनता पन्नाशी उलटलेल्या बाईएवढी. अमेरिकेची मेरी केन १७व्या वर्षी, २०१३मध्ये, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत धावली. २०१९मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की वजन उतरवण्याच्या दडपणाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. आपल्याकडे नडगीतली बारीक चीर "मार लागला असेल" म्हणून बाम लावून दाबली जाते.

भरतीच्या मैदानावर मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, गोळाही फेकायचा असतो. उपाशी अंगाने गोळा लांब जात नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४पासून ऊर्जेच्या या तुटीला खेळाडूंचा आजार मानलं आहे. त्यात मुलगेही धरले आहेत. त्यांना पाळीसारखी खूण नसते, एवढाच फरक.

उपाय ताटात आहे. पहाटे रिकाम्या पोटी धावू नये. आधी केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू खावा. आल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता. दिवसाच्या जेवणात एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे वाढवले तर सुमारे ४०० कॅलरी वाढतात, वरच्या मुलीची निम्मी तूट भरते. बाकीची भात, दूध, तूप यांनी भरा, आणि काही आठवडे व्यायाम कमी करा.

मात्र जिला एक घास जास्त खाताना धडकी भरते, तिला "खा गं" म्हणून चालत नाही. तिला समुपदेशन लागतं. २००३मध्ये सारा बर्गा यांच्या छोट्या अभ्यासात १६ जणी होत्या. समुपदेशन मिळालेल्या ८ जणींपैकी ७ जणींचे बीजकोश पुन्हा काम करू लागले, नुसतं निरीक्षणाखाली ठेवलेल्या ८ जणींपैकी फक्त २ जणींचे.

पाळी यावी म्हणून काही जणींना गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. त्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो. आईला वाटतं, सुटलो. पण तो गोळ्यांचा रक्तस्राव असतो. हायपोथॅलॅमस तसाच गप्प राहतो, हाडं तशीच झिजतात, आणि गोळ्या बंद केल्या की पाळी पुन्हा गायब होते. निव्वळ पाळी आणण्यासाठी त्या घेऊ नयेत. नियमित पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे यावं.

सुधारायला महिने लागतात, काहींना वर्षही. पहिली पाळी थोडीशीच येईल, दुसरी लांबेल. तेवढ्यावर घाबरून किंवा आता झालं म्हणून पुन्हा डाएट सुरू करू नका. आणि लग्न झालेल्यांनी लक्षात ठेवावं की पाळी परतण्याच्या आधी बीज सुटतं. म्हणजे एकही पाळी न येता दिवस राहू शकतात. मूल लगेच नको असेल, तर काळजी पहिल्या दिवसापासूनच घ्यायला हवी.