मुलांच्या सांध्यांतील जंतुसंसर्ग : वेळेवर निदान, वेळेवर उपचार



चार-पाच वर्षांचे मूल सकाळी लंगडतच उठते. आदल्या दिवशी ते अंगणात पडले होते, असे घरच्यांना आठवते. मुका मार लागला असेल, या समजुतीने पाय तेल लावून चोळला जातो, शेकला जातो. सायंकाळी ताप चढतो. दुसऱ्या दिवशी मूल पाय जमिनीला टेकवीत नाही. कोणी हात लावू गेल्यास किंचाळते. खेडोपाडी हे चित्र अपरिचित नाही. अशा मुलाच्या सांध्यात पू होत असण्याचा संभव असतो आणि चोळण्या-शेकण्यात गेलेला प्रत्येक तास त्याच्या पायाचे मोल देऊन घालविलेला असतो.

त्वचेवरील गळू, घशाचा विकार किंवा अन्य मार्गाने रक्तात शिरलेले जंतू सांध्याच्या अस्तरात ठाण मांडतात. त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू प्रमुख होय. खुबा आणि गुडघा हे सांधे विशेषेकरून बाधतात. पुवामुळे सांध्यातील गुळगुळीत कूर्चा झिजून जाते. खुब्यात तर वाढत्या दाबामुळे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. अर्भकांमध्ये हाडाच्या वाढीचा भाग नष्ट झाल्यास पाय जन्मभर आखूड राहतो. लंडनचे शल्यचिकित्सक थॉमस स्मिथ यांनी अर्भकांच्या या विकाराचे वर्णन १८७४ मध्ये केले. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. आज ती आहेत. तरीही उशीर झाल्यास येणारे अपंगत्व टळत नाही.

निदान कसे करावे, याविषयी बॉस्टन येथील डॉ. कोचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये खुब्याच्या संदर्भात चार खुणा मांडल्या : ३८.५ अंश सेल्सिअसहून, म्हणजे सुमारे १०१.३ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप. पायावर भार न टाकणे. रक्तपेशी खाली बसण्याचा वेग तासाला ४० मिलिमीटरहून अधिक. आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला १२,००० हून अधिक. चारही खुणा आढळल्यास पू असण्याची शक्यता फार मोठी असते. यांपैकी पहिल्या दोन खुणा ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. तापमापक आणि जागरूक नजर पुरते. नवजात अर्भकाला मात्र ताप नसूही शकतो. ते एक हात वा पाय हलवीत नाही, लंगोट बदलताना रडते, दूध ओढत नाही.

सर्दी-तापानंतर खुब्याला येणारी साधी सूज विश्रांतीने ओसरते, हे खरे. परंतु ती कोणती आणि पू कोणता, हा भेद घरी करता येत नाही. आरंभीचे क्ष-किरण चित्र निर्दोष दिसले, तरी निश्चिंत राहू नये. सोनोग्राफीत सांध्यातील पाणी दिसते आणि सुईने काढलेल्या द्रवाच्या तपासणीवरून जंतूची ओळख पटते. म्हणूनच वाटेत कोठेतरी प्रतिजैविकाचे एखादे इंजेक्शन टोचून घेऊन घरी परतणे घातक ठरते. ताप उतरतो, जंतू लपतो आणि सांधा आतून नासत राहतो.

रुग्णालयात रक्ताचे व सांध्यातील द्रवाचे नमुने घेऊन शिरेतून प्रतिजैविके त्वरित सुरू करतात. भूल देऊन सांधा धुऊन पू काढतात. खुब्याच्या बाबतीत यास विलंब चालत नाही. सुधारणा दिसू लागल्यावर तोंडाने औषधे देतात. हा क्रम बहुधा दोन-तीन आठवडे आणि हाडही बाधले असल्यास त्याहून अधिक काळ चालतो. मूल खेळू लागले म्हणून औषध मध्येच सोडू नये. पायाची वाढ नीट होत आहे की नाही, हे पाहण्यासाठी पुढेही तपासणी करून घ्यावी.

प्रतिबंधाचा एक मार्ग लसीकरणाचा आहे. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या वयात दिली जाणारी पंचगुणी लस हिब या जंतूपासून संरक्षण देते. लहान मुलांच्या सांध्यांत पू करणाऱ्या जंतूंमध्ये एकेकाळी हिबची गणना प्रामुख्याने होत असे.

शिक्षकांनी लंगडणाऱ्या मुलाच्या अंगाला हात लावून पाहावा. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्तींनी मातांना ही लक्षणे समजावून सांगावीत. ताप आणि न टेकणारा पाय एकत्र दिसताच पंचायत सदस्यांनी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात मूल त्याच दिवशी पोहोचेल, असे पाहावे. गावाने दाखविलेली एका दिवसाची तत्परता त्या मुलाला आयुष्यभर स्वतःच्या पायांवर चालवील.