हौदाची वाळू पारखून घ्या

विहिरीवर हौद बांधताना आपण सिमेंट पारखून आणतो, अन् वाळू मात्र जवळच्या ओढ्यातली ओढतो. हौद गळतो तो इथंच! वाळूच्या कणांवर गाळ असला की सिमेंट धरत नाही. बारीक वाळूला पाणी जास्त लागतं, जादा पाण्यानं काँक्रीट कच्चं राहतं. ती गिलाव्याला ठेवा; काँक्रीटला भरड, लहानमोठ्या कणांची घ्या. खाडीची खारी वाळू नकोच, सळई गंजते.

काचेच्या सरळ बाटलीत १० सेंटिमीटर वाळू, वर मिठाचं पाणी घालून खूप हलवा. ३ तास ठेवा. गवंडी हसेल, हसू द्या! वर बसलेला गाळ ८ मिलिमीटरपेक्षा जाड दिसला, तर वाळू धुऊनच वापरा. क्रशरच्या वाळूतही दगडाची भुकटी असते, पण तिला ही परीक्षा लागू पडत नाही.