बाल्कोचा खटला आणि छत्तीसगडची जमीन

(भिलाई येथे मराठी भाषिक कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भिलाईच्या पोलाद कारखान्यासंबंधी सोव्हिएत संघाशी 2 फेब्रुवारी 1955 रोजी करार झाला, तेव्हा या प्रदेशाची राजधानी नागपूर होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा ती भोपाळला गेलेली होती. 1 नोव्हेंबर 2000 पासून कारभार रायपूरहून चालू लागला. राजधान्या तीन झाल्या, कारखाना आणि त्याखालची जमीन जागची हलली नाही. ही साधी गोष्ट ध्यानी धरली म्हणजे कोरब्याच्या बाल्को प्रकरणाचा कायदेशीर गुंता उलगडण्यास मदत होते.

भारत अल्युमिनियम कंपनी 1965 साली स्थापन झाली. कोरबा येथील तिचा अल्युमिना प्रकल्प हंगेरीच्या, आणि वर्षाला 1 लाख टन धातू काढणारा विद्राव प्रकल्प सोव्हिएत संघाच्या साह्याने उभा राहिला. पुढे 270 मेगावॅटचे स्वतःचे वीज केंद्र आले. मैनपाटच्या पठारावरून बॉक्साइट येऊ लागले. भिलाईप्रमाणेच हाही सार्वजनिक क्षेत्राचा उद्योग. कंपनीचे सर्व भाग केंद्र सरकारचे होते. परंतु ती ज्या जमिनीवर उभी होती ती जमीन आणि ज्या पट्ट्यांवर तिचे खाणकाम चाले ते पट्टे राज्य सरकारने दिलेले होते. मालक दिल्लीत आणि जमीनदार भोपाळात, पुढे रायपुरात, अशी ही व्यवस्था होती. दोघेही एकाच पक्षाचे, किंवा निदान एकाच मताचे असत, तोवर या भेदाकडे कोणी पाहिले नाही.

तो उघडा पडला 2001 साली. 21 फेब्रुवारी रोजी केंद्रातील राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या मंत्रिमंडळाने बाल्कोचे 51 टक्के भाग स्टरलाइट इंडस्ट्रीजला 551.50 कोटी रुपयांस विकण्यास संमती दिली. सरकारने ठरविलेली किमान किंमत 514.40 कोटी होती. दुसरी बोली हिंदाल्कोची, 275 कोटींची. अमेरिकेची अल्कोआ शर्यतीतून आधीच बाहेर पडली होती. म्हणजे स्पर्धा म्हणून जिचा गाजावाजा झाला तिच्यात प्रत्यक्षात दोनच बोल्या होत्या आणि त्यांपैकी एक किमान किमतीच्या जवळपासही नव्हती.

या रकमेचा हिशेब कामगारांनी आपल्या पद्धतीने मांडला. 51 टक्क्यांचे 551 कोटी, तर सबंध कंपनीची किंमत सुमारे 1080 कोटी होते. त्या काळी नवे औष्णिक केंद्र उभारण्यास मेगावॅटमागे साधारण 4 कोटी रुपये लागत. त्या दराने एकट्या 270 मेगावॅटच्या केंद्राचे 1080 कोटी भरतात. म्हणजे धातूचा कारखाना, खाणी, वसाहत, सारे फुकटात. केंद्र जुने होते, नव्याचा दर त्याला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. पण जुनेपणाची वजावट कितीही केली तरी उरलेल्या कारखान्याचे मोल शून्य होत नाही, आणि मूल्यांकनाचे सगळे भांडण नेमके इथेच होते.

1 मार्च रोजी लोकसभेत या विक्रीबद्दल नापसंती व्यक्त करणारा ठराव 119 विरुद्ध 239 मतांनी फेटाळला गेला. दुसऱ्याच दिवशी करारावर सह्या झाल्या आणि 3 मार्चपासून कोरब्यात संप सुरू झाला. इंटकपासून आयटक आणि सीटूपर्यंतच्या संघटना त्यात एकत्र आल्या. अल्युमिनियमचा कारखाना म्हणजे कापडगिरणी नव्हे. सुमारे 950 अंश उष्णतेवर कुंडांत वितळलेला धातू असतो. विजेचा प्रवाह काही तास खंडित झाला तर तो कुंडातच थिजतो आणि कुंड निकामी होते. अशा कारखान्यात संप पुकारणाऱ्या कामगाराला आपण काय पणाला लावीत आहोत हे व्यवस्थापनापेक्षा अधिक कळत असते. तरीही हा संप 67 दिवस टिकला. सर्वोच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो मागे घेण्यात आला.

आता राज्य सरकारची भूमिका पाहू. अजित जोगी यांच्या काँग्रेस सरकारने विक्रीस उघड विरोध केला आणि केंद्राचे भाग राज्यानेच विकत घेण्याची तयारी जाहीर केली. केंद्राने ती मानली नाही. तेव्हा राज्याच्या अधिकाऱ्यांनी जमीन आणि खाणकाम यांसंबंधी कंपनीला कारणे दाखवा नोटिसा पाठविल्या, आणि कंपनी त्यांविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. कामगारांच्या याचिका दिल्ली आणि छत्तीसगडच्या उच्च न्यायालयांत होत्या. त्याही तेथेच एकत्र आल्या.

येथे एका गोष्टीचा उल्लेख टाळून चालणार नाही. सार्वजनिक उद्योगांचे भाग विकण्याचे धोरण 1991 साली काँग्रेस सरकारनेच आणले. निर्गुंतवणूक आयोग 1996 साली संयुक्त आघाडीच्या काळात नेमला गेला, ज्या सरकारात भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे मंत्री होते. आणि बाल्कोचे 40 टक्के भाग विकावेत ही शिफारस याच आयोगाने एप्रिल 1997 मध्ये केली. तेव्हा रायपूरच्या सरकारचा विरोध हा निर्गुंतवणुकीच्या तत्त्वाला नव्हता. विकणारा कोण, घेणारा कोण आणि किती किमतीला, यापुरताच तो होता. जो धोरण मान्य करून फक्त व्यवहाराला आक्षेप घेतो, त्याच्या हाती न्यायालयात फार थोडे मुद्दे उरतात.

राज्याने जो मुद्दा पुढे केला तो मात्र गंभीर होता. कोरबा हा आदिवासींचा मुलूख. मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेच्या कलम 165(6) नुसार अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास मज्जाव आहे. शिवाय 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील समता खटल्यात सरकारने दिलेले खाणपट्टेही आदिवासी क्षेत्रात खासगी कंपन्यांना देता येत नाहीत, असा निर्णय बहुमताने दिला होता. मग बाल्को खासगी झाल्यावर तिची जमीन तिच्याकडे कशी राहणार, असा राज्याचा सवाल होता.

10 डिसेंबर 2001 रोजी न्यायमूर्ती किरपाल, शिवराज पाटील आणि वेंकटराम रेड्डी यांच्या पीठाने निकाल दिला. निर्गुंतवणूक हा आर्थिक धोरणाचा प्रश्न असून तो न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे. विक्रीपूर्वी म्हणणे मांडण्याचा हक्क कामगारांना नाही. मूल्यांकनात हस्तक्षेप करण्याजोगे काही नाही. हे तिन्ही मुद्दे कामगारवर्गाच्या विरोधात गेले आणि पुढच्या प्रत्येक विक्रीच्या वेळी तेच पुढे करण्यात आले. जमिनीबद्दल न्यायालयाने सांगितले की, ती अनेक वर्षांपूर्वी राज्यानेच रीतसर दिलेली आहे. कंपनी तीच आहे, बदलले ते भागधारक. आणि आपल्याच कृतीला आव्हान देण्याची कोलांटउडी राज्याला आता मारता येणार नाही. समता निकालाच्या अचूकतेविषयी तर पीठाने तीव्र शंका व्यक्त केली. तीन न्यायाधीशांच्या पीठाला तितक्याच न्यायाधीशांचा निकाल रद्द करता येत नाही, म्हणून आंध्रचा कायदा वेगळा आहे एवढे म्हणून तो बाजूला ठेवण्यात आला.

आंध्रचा कायदा वेगळा आहे हे खोटे नव्हे. तेथील 1970 च्या नियमनात जमीन हस्तांतरित करणाऱ्या व्यक्तीवर बंदी आहे आणि समता खटल्यात न्यायालयाने सरकारलाही त्या अर्थाने व्यक्ती धरले. मध्य प्रदेशची संहिता, जी छत्तीसगडला वारशाने मिळाली, ती आदिवासी खातेदारापाशी थांबते. सरकारने स्वतः दिलेल्या जमिनीला ती शिवत नाही. ही उणीव भरून काढणे विधानसभेच्या हाती होते आणि जोगी सरकारपाशी विधानसभेत बहुमत होते. आंध्रसारखा कायदा तेथे झाला नाही. झाला असता तरी बाल्कोची जुनी जमीन परत आली नसती, हे मान्य केले पाहिजे. पण त्यानंतर छत्तीसगडात आलेल्या प्रत्येक खासगी कंपनीला तो आडवा आला असता. नोटीस एका कंपनीला लागते, कायदा सर्वांना. आदिवासींचा हक्क तीस वर्षे दप्तरात पडून राहिला आणि केंद्राशी भांडण जुंपले त्या दिवशी बाहेर काढण्यात आला. न्यायाधीशांना ती कोलांटउडी वाटली, यात नवल नाही.

महाराष्ट्रातील साथींना एन्रॉन आठवेल. त्या प्रकरणात राज्य सरकार स्वतः करारात अडकलेले होते. ऑगस्ट 1995 मध्ये जोशी सरकारने दाभोळचा करार रद्द केला, लबाडीचा आरोप करीत मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, आणि काही महिन्यांतच नवी बोलणी करून दावा सोडून दिला. कोरब्याचा संप मिटला त्याच मे 2001 मध्ये दाभोळचे केंद्र बंद पडले. दोन्हीकडे सरकारची गर्जना मोठी होती. पण दाभोळ थांबले ते विजेचा दर मंडळाला परवडेना म्हणून.

कोरब्याच्या पुढच्या हकीकतीत दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. सोव्हिएत साह्याने उभारलेला जुना विद्राव प्रकल्प 2009 साली बंद झाला. त्याच वर्षी 23 सप्टेंबर रोजी कंपनीच्या नव्या वीज केंद्राची बांधकाम चालू असलेली चिमणी कोसळून किमान 40 कामगार ठार झाले. त्यांतील बहुतेक बाहेरच्या राज्यांतून आलेले कंत्राटी मजूर होते. ज्या संघटनांनी 67 दिवस फाटक रोखून धरले त्यांच्या सभासदांच्या यादीत ही माणसे नव्हती. ती कंत्राटदाराच्या हजेरीपटावर होती.

दुसरी गोष्ट उरलेल्या भागांची. तीन वर्षांनी बाकीचे 49 टक्केही विकत घेण्याचा पर्याय करारात स्टरलाइटला दिलेला होता. मार्च 2004 मध्ये कंपनीने तो बजावला. सरकारने नकार दिला, प्रकरण लवादाकडे गेले आणि जानेवारी 2011 मध्ये लवादाने बहुमताने कंपनीचा दावा फेटाळला. अशा रीतीने 49 टक्के भाग केंद्राच्या नावावर राहिले. 2001 च्या त्या सगळ्या झगड्यातून छत्तीसगड राज्याच्या नावावर कंपनीचा एकही भाग आला नाही. जमिनीच्या पट्ट्यांवर मात्र पट्टा देणारा म्हणून नाव त्याचेच आहे.