फुकट अँटीव्हायरस कुठला घ्यावा? आणि अण्णांच्या पावसाचे आकडे

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात दोनदा आलेली वाक्यं तेवढी काढली आहेत.)

 

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. प्रश्न साधारण एकच असतो : "घरच्या कॉम्प्युटरला फुकटातला चांगला अँटीव्हायरस कुठला?" याचं उत्तर एका ओळीत देता येतं, आणि ते मी देणार आहे. पण आधी आमच्या घरात घडलेली एक गोष्ट सांगते. ती ऐकली की ते उत्तर असं का आहे, हे लक्षात येईल.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वाईला राहतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात पर्जन्यमापक बसवला. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खात्याच्या वेळेला, ते पाऊस मोजतात. भर पावसात छत्री धरून, चष्म्यावरचं पाणी पुसत. आधी वहीत लिहायचे. २००९ मध्ये एक्सेल शिकले आणि वही बंद झाली.

२०१४ ला त्यांचा जुना कॉम्प्युटर गेला. नवा असेंबल करून घेतला, त्यात दुकानदाराने विंडोज ७ टाकून दिलं. त्याचं लायसन्स होतं का, हे मी विचारलं नाही. खरं तर मला माहीत होतं. जुन्या मशीनवरची फाईल नव्यावर आणायची म्हणून ती मी स्वतःला मेल केली. मग एक फुकट अँटीव्हायरस टाकला आणि म्हणाले, "अण्णा, आता काळजी नाही. अँटीव्हायरस आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या अँटीव्हायरसची दर वर्षी फुकटच पण नव्याने नोंदणी करावी लागायची. दिवाळीला घरी गेले की मी ती करून यायचे. २०१८ च्या दिवाळीत माझं जाणं झालं नाही. २०१९ च्या दिवाळीत भाचा सुट्टीला तिथे गेला. त्याने एका गेमचा क्रॅक डाउनलोड केला, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला : "अगं, माझी फाईल उघडत नाहीये. नावापुढे काहीतरी विचित्र लागलंय."

रॅन्समवेअर होतं. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे. आम्ही पैसे दिले नाहीत. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि काही कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम आहे. तिथे काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. तिथेही पाहिलं. आमचं कुलूप उघडलं नाही.

मेलवरची प्रत २०१४ पर्यंतची. त्यापुढचे पाच पावसाळे गेले. त्यात २०१९ चा ऑगस्ट होता, ज्या पुरात सांगली-कोल्हापूर बुडालं. कृष्णाकाठच्या माणसाने त्या दिवसांत रोज सकाळी मोजलेले आकडे, ते आता कुठेच नाहीत.

घरी गेल्यावर मी अण्णांना विचारलं, "तुम्हाला कॉम्प्युटरने काही सांगितलं नव्हतं का? नोंदणी संपली वगैरे?" ते म्हणाले, "रोज काहीतरी खिडकी यायची की. अपग्रेड करा, सवलत आहे, कॉम्प्युटर स्लो झालाय. तूच म्हणाली होतीस, जाहिरात आली की बंद करायची."

म्हणजे बघा, खरा इशारा आला होता. पण तो जाहिरातीच्याच कपड्यांत आला, आणि अण्णांनी मी शिकवल्याप्रमाणे तो बंद केला. नोंदणी चालू असती तर फाईल नक्की वाचली असती, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण आपलं राखण कधीच थांबलंय, हे निदान त्यांना कळलं असतं.

आता उत्तर

तुमच्या घरी विंडोज १० किंवा ११ असेल, तर बहुतेकांना वेगळा अँटीव्हायरस टाकायची गरज नाही. विंडोजमध्येच असलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर चालू ठेवा आणि अपडेट ठेवा. झालं.

"पण डिफेंडर कामाचा नाही म्हणतात!" हे मत जुनं आहे, आणि एके काळी ते बरोबर होतं. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' नावाने फुकट अँटीव्हायरस दिला. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो डिफेंडर या नावाने आतच येऊ लागला. त्या सुरुवातीच्या वर्षांत स्वतंत्र चाचण्यांत तो मागे पडायचा. गेली काही वर्षं मात्र जर्मनीच्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचण्यांत तो वरच्या गटात असतो. तिथे संरक्षण, वेग आणि वापरातली सोय अशा तीन विषयांना प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण असतात. ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही दुसरी संस्था. दोघींचे निकाल कुणालाही फुकट बघता येतात.

डिफेंडरचा माझ्या मते सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे. त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं, म्हणून तो एरवी फारसा बोलत नाही. आणि जो एरवी गप्प असतो, तो बोलला की माणूस लक्ष देतो.

दुसरा घ्यायचाच असेल तर

काही जणांना तरी हवाच असतो. हरकत नाही. चार गोष्टी बघा.

पहिली, तो फुकट आहे की ट्रायल? आपल्याकडे पुण्याचं क्विक हील घरोघरी माहीत आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून उभी राहिलेली कंपनी, आपल्याला कौतुक असणारच. पण तो विकतचा अँटीव्हायरस आहे, फुकट मिळते ती काही दिवसांची चाचणी. ती संपल्यावर पैसे भरणार असाल तर जरूर घ्या. भरणार नसाल तर मुदत संपलेला अँटीव्हायरस तसाच पडू देऊ नका. रीतसर काढून टाका.

दुसरी, फुकट देणारा कमावतो कशावर? बहुतेक जण विकतच्या आवृत्तीच्या जाहिराती दाखवतात, ते ठीक आहे. पण अवास्ट या चेक कंपनीचं प्रकरण माहीत असू द्या. लोक कुठल्या साइटवर जातात याची माहिती ती गोळा करत होती आणि जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकत होती. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उघड केलं, जम्पशॉट बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि अशी माहिती जाहिरातींसाठी विकायला मनाई केली. म्हणजे आज ते तसं करतात असं नाही. पण इन्स्टॉल करताना 'माहिती इतरांना देण्यास संमती' अशी खूण दिसली तर ती काढा. सोबत ब्राउझर किंवा टूलबार येत असेल तर त्यालाही नाही म्हणा.

तिसरी, मालक कोण? अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी घेतली. अविरा नॉर्टनवाल्यांकडे गेली. २०२२ मध्ये नॉर्टन आणि अवास्ट एकत्र आले, त्या कंपनीचं नाव आता जेन डिजिटल. म्हणजे "एव्हीजी काढून अविरा टाकला" असं कुणी सांगितलं तर त्याने दुकान बदललं, मालक तोच. वेगळा मालक हवा असेल तर रोमानियाच्या बिटडिफेंडरची फुकट आवृत्ती आहे.

चौथी, आणि आमच्या घराला महागात पडलेली : तो ओरडतो किती? टाकल्यावर आठ दिवस बघा. रोज खिडक्या उघडत असेल आणि सेटिंगमध्ये जाहिराती बंद करायची सोय नसेल, तर आई-वडिलांच्या कॉम्प्युटरवर तो ठेवू नका. चाचणीत १८ पैकी १८ असले तरी नको.

आणि डाउनलोड कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. गुगलवर 'फ्री अँटीव्हायरस' शोधलं की वर जाहिराती येतात, त्यात नकली साइटही असू शकते.

दोन असले तर जास्त सुरक्षित?

नाही हो. दोघे एकाच फाईलवर झडप घालतात, कॉम्प्युटर मंदावतो, कधी अडकतो. म्हणूनच दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो आणि तो काढला की परत कामाला लागतो.

शंका आलीच तर एकदाच तपासणी करणारी साधनं वापरा. मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर आहे, डाउनलोड केल्यापासून १० दिवस चालतं, मग नवीन घ्यायचं. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्तीही चालते. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही आहे, २०१७ पासून. ते भारतीय अँटीव्हायरस कंपन्यांच्या मदतीने कॉम्प्युटर साफ करायची साधनं फुकट देतं.

आज संध्याकाळी करायच्या गोष्टी

स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा आणि उघडा. ढालीच्या चित्रावर हिरवी खूण हवी. मग 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जाऊन टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे ना, ते बघा. ते असलं की एखादा व्हायरस डिफेंडरलाच बंद करायला गेला तर त्याला अडवलं जातं.

तिथेच खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शन आहे, त्यात 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. हे सहसा बंद असतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फायलींना हात लावता येत नाही. सुरुवातीला एखादं चांगलं सॉफ्टवेअरही अडेल, त्याला तिथेच परवानगी द्यावी लागते. थोडा त्रास आहे, पण अण्णांच्या फाईलला नेमकं हेच हवं होतं.

विंडोज १० असेल तर एक लक्षात घ्या. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अँटीव्हायरस कितीही चांगला असला तरी विंडोजचीच भोकं बुजायची थांबली तर तो पुरा पडत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी टाकलं नव्हतं ते सापडले. तेव्हा मशीन चालत असेल तर विंडोज ११ वर जा.

आणि क्रॅक नको. "आधी अँटीव्हायरस बंद करा, मग हे चालवा" असं ज्या फाईलसोबत लिहिलेलं असतं, ती तुम्हाला चोरासाठी दार उघडायला सांगत असते. भाच्याला मी रागावले खरी, पण दुकानदाराचं फुकटातलं विंडोज मीच घरात घेतलं होतं. त्याने वेगळं काय केलं?

अँटीव्हायरसला न जमणारी एक गोष्ट : स्क्रीनवर भोंगा वाजतो, 'तुमचा कॉम्प्युटर हॅक झालाय, या नंबरवर फोन करा' असं येतं, आणि आपण फोन करून समोरच्याला रिमोटचा ताबा देतो. तो ताबा आपण दिलेला असतो, त्यामुळे तिथे अँटीव्हायरसचा भरवसा धरू नका. खरा अँटीव्हायरस असा फोन नंबर दाखवत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी.

शेवटी

अण्णांकडे आता विंडोज ११ आहे, विकत घेतलेलं, आणि डिफेंडर. मी त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली, ती तुम्हीही घरी दाखवा. आयकार नावाची एक चाचणी फाईल असते. फक्त ६८ अक्षरं, अगदी निरुपद्रवी, पण अँटीव्हायरस तिला व्हायरस समजून पकडतात, कारण ती त्यासाठीच बनवलेली आहे. ती मी अण्णांसमोर डाउनलोड केली. डिफेंडरचा इशारा आला. म्हटलं, "अण्णा, खरा इशारा असा दिसतो. हा आला की बंद करायचा नाही, मला फोन करायचा." त्यांनी तो दोनदा करून बघितला.

बॅकअप ते दर रविवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतात आणि घेऊन झाला की ती काढून कपाटात ठेवतात. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. शिवाय वही परत सुरू झाली आहे. सकाळी साडेआठला आधी वहीत, मग एक्सेलमध्ये. २०१४ ते २०१९ ची पानं त्यांनी कोरी सोडली आहेत. विचारलं तर म्हणतात, "पाऊस तर पडला होता ना. जागा ठेवायला नको?"

"काळजी नाही, अँटीव्हायरस आहे," हे वाक्य मी त्यानंतर कुणालाही म्हटलेलं नाही.

तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर काय आहे ते आज बघा, आणि आई-वडिलांच्याही. काही अडलं तर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर नमस्कार.