चर्च म्हणजे मंडळी

नाशिकच्या शरणपूर रोडवरून तुमच्यापैकी कितीतरी जण रोज जात असतील. दुकाने, दवाखाने, बँका, सिग्नल. या रस्त्याला हे नाव का पडले, असा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांची वस्ती. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ती वसवली. आणि इथे आसऱ्याला आलेल्यांत आफ्रिकेतली मुलेही होती.

चर्च कशासाठी असते आणि त्याच्या सभासदांचे काम काय, हा आजचा विषय. मी मुसलमान, राहणारा सुरगाण्याचा, कविता करतो मराठीत. तुम्ही या विषयावर काय बोलणार, असे एका मित्राने मला विचारलेच. शेजाऱ्याच्या घराविषयी शेजाऱ्याला जेवढे दिसते तेवढे मी बोलणार आहे. घरातल्या लोकांना त्याहून अधिक ठाऊक असते, हे मान्य.

आधी एक शब्द पाहू. चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मनोरा, घंटा आणि क्रूस येतो. पण मराठी बायबलात चर्चसाठी शब्द आहे ‘मंडळी’. कॅथलिक बांधव ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. दोन्ही शब्दांत दगड-विटा नाहीत, माणसे आहेत. त्यातही ‘मंडळी’ हा किती घरगुती शब्द! आपण पाहुण्यांना मंडळी म्हणतो, घरच्यांना म्हणतो, जुन्या पिढीतले लोक बायकोलाही म्हणत. ज्या भाषांतरकाराला हा शब्द सुचला, त्याला माझा सलाम.

ही मंडळी सुरुवातीला काय करत होती, ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. प्रार्थना होतीच. पण कुणाला काही कमी पडू नये म्हणून लोक आपली मालमत्ता विकून पैसे एकत्र ठेवत, असेही तिथे सांगितले आहे. पुढे एक तक्रार येते. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते आहे. मग या कामासाठी सात माणसे निवडली जातात. मला ही गोष्ट फार आवडते. संस्था म्हणून पहिली घडी बसते आहे, आणि तिच्या मुळाशी कुणाच्या ताटात भाकर पडली नाही, एवढीच तक्रार आहे.

आता पुन्हा शरणपूरला येऊ. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसे पळवून नेणारी गलबते इंग्रजी आरमार पकडत असे. ती बहुतेक अरबांची असत, हे मी मुसलमान म्हणून लपवणार नाही. त्या व्यापारात झांजिबारच्या हिंदी सावकारांचाही पैसा होता, हेही सांगून टाकतो. सुटका झालेली काही मुले मुंबईमार्गे शरणपूरला आली. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी आणि लोहारकी शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचे हृदय तिथेच पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने. मग सोबत्यांबरोबर तो देह सुमारे दीड हजार किलोमीटर चालत किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफनविधी झाला, त्यात शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकला शिकलेला हा तरुण होता.

दुसरा माणूस विल्यम जोन्स. हा इथून लोहारकी शिकून गेला आणि मोंबासाजवळच्या राबाई गावी मंडळीचे काम पाहू लागला. मालकांच्या जाचाला कंटाळून पळालेले गुलाम तिथे येऊ लागले. जोन्सने त्यांना थारा दिला. १८८८ साली तिथे अशी शेकडो माणसे आढळली, तेव्हा मोठा गहजब झाला आणि शेवटी भरपाई देऊन त्यांची मोकळीक करावी लागली.

मला वाटते, चर्च कशासाठी या प्रश्नाचे उत्तर इथे हाताशी येते. आसरा देणे हे चांगलेच. पण तेवढ्यावर थांबले तर तो आश्रम होतो. आसऱ्याला आलेला माणूस जेव्हा स्वतः दार उघडायला उभा राहतो, तेव्हा मंडळी तयार होते. शरणपूरची दुसरी बाजूही आहे. या मुलांची मूळ नावे गेली आणि त्यांना वेनराइट, प्राइस, जोन्स व्हावे लागले. आसऱ्याची एवढी किंमत घ्यायला नको होती, असे माझे मत आहे.

ही सल रेव्हरंड ना. वा. टिळकांनाही वेगळ्या रीतीने टोचत असावी. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या जलालपूरच्या. ‘स्मृतिचित्रे’मुळे त्यांचे घर आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहे. टिळकांनी उपासनेत भजन-कीर्तन आणले, दोनशेहून अधिक गीते लिहिली. आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशन देईल आणि आपण घेऊ, ही सवय मोडल्याशिवाय मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहणार नाही, हे त्यांना कळले होते. दोनच वर्षांनी ते गेले.

अलीकडचे उदाहरण वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या माध्यमातून जमीन आणि पाणी गिळणाऱ्यांशी झुंज दिली. त्या विहिरींचे पाणी काही फक्त ख्रिस्ती लोक पीत नव्हते.

आमच्या सुरगाण्यात असे मोठे काही नाही. डोंगर, नागली, भात, आणि उन्हाळ्यात कोरड्या विहिरी. काही पाड्यांवर पत्र्याच्या छपराखाली रविवारी मंडळी जमते. सीमेपलीकडे डांगात १९९८ च्या नाताळात अशीच प्रार्थनाघरे जाळली गेली. त्याची धग इकडेही लागली होती. त्या निषेधात मी आहेच. पण शेजारी म्हणून एक अपेक्षाही सांगतो. शेजारच्या घरात डोंगऱ्या देवाचा उत्सव चालू असेल, तर त्याला सैतान म्हणणे सभासदाच्या कर्तव्यात बसत नाही. असे बोलणारे प्रचारक मी ऐकले आहेत, म्हणून म्हणतो.

याउलटही पाहिले आहे. एका पाड्यावर भाताची कापणी उरकल्यावर कापणीचा सण होता. कुणी नागलीची पाटी आणली होती, कुणी भोपळा, एका आजीने कोंबडी. सगळ्याचा लिलाव झाला. आलेले पैसे दवाखान्याच्या भाड्यासाठी वेगळे ठेवले. इथून नाशिक गाठायचे म्हणजे घाटवाटेने काही तास जातात. आजाऱ्याला न्यायला गाडी लागते.

मी पाळकांना विचारले, “दादा, तुमच्या मंडळीत घरं किती?”

“एकवीस, भाई. त्यातली सात द्राक्षावर गेलीत, दिंडोरीकडं.”

“म्हणजे आत्ता चौदा.”

“एकवीसच. त्यांची म्हातारी माणसं इथंच आहेत ना.”

आणि त्यांनी वहीचे पान दाखवले. कुणाच्या घरी पाण्याचा हंडा कुणी पोचवायचा, याच्या पाळ्या लिहिल्या होत्या. त्यात दोन नावे मंडळीबाहेरची होती. एक त्या पाड्याचा जुना भगत, आता गुडघे धरून बसलेला. त्या आठवड्यात त्याच्याकडे पाणी नेण्याची पाळी पाळकांच्या मुलीची होती.