उजेड पडतो कुठे?
(रेडिओवरील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘वाहनांच्या दिव्यांची निगा’. विषय मोठा आहे. टेललाईट, इंडिकेटर, बॅटरी, सगळंच त्यात येतं. पण आधीच सांगून ठेवतो, मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. बाकीचं राहिलं तर राहू द्या.

गोष्ट अशी की सध्या धुळ्यापासून भुसावळपर्यंत ज्याला बघावं तो हेडलाईटचा बल्ब बदलतोय. नवी गाडी घेतली की सीटकव्हर, परफ्यूमची बाटली आणि तिसरा हा पांढरा बल्ब. दुकानात विचारणं एकच, ‘फोकस किती लांब जाईल?’ किती उजेड, किती वॅट, किती लांब. तो उजेड पडतो कुठे, हे कोणीच विचारत नाही. माझं सगळं भांडण एवढ्यावरच आहे. उजेड पडतो कुठे?

जुन्या सहा नंबरच्या, म्हणजे आताच्या ५३ नंबरच्या महामार्गावर जिथे चौपदरीकरण झालंय, तिथे मधल्या दुभाजकामुळे थोडं तरी निभावतं. पण चोपड्याकडे वळा, यावलकडे वळा, अमळनेर-धरणगाव रस्त्याला लागा. दोन पदरांचा रस्ता, कडेला बाभळी, आणि समोरून येणारा तो पांढरा झोत सरळ डोळ्यांत. आपण म्हणतो ‘डोळे दिपले’ आणि पुढे जातो. पण हिशोब करा. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते. दिपलेला डोळा पुन्हा अंधाराला सरावायला काही सेकंद घेतो, आणि वय झालं असेल, मोतीबिंदू उतरत असेल, तर आणखी जास्त. तीन सेकंद धरा. पन्नास मीटर गाडी आंधळी चालली. त्या पन्नास मीटरांत काय असतं? आपल्याकडे काहीही असू शकतं. कापसाने भरलेली बैलगाडी, पंक्चर झालेली ट्रॉली, शेतावर पाण्याची पाळी द्यायला निघालेला माणूस.

आणि चैत्रात तर सप्तशृंगी गडाला पायी निघालेली माणसं असतात. सगळ्या खानदेशातून निघतात, आणि ऊन टाळायचं म्हणून रात्रीची आणि पहाटेची चालतात. बायका, पोरं, डोक्यावर वळकटी. समोरासमोर दोन गाड्या आल्या, दोघांचे दिवे एकमेकांच्या डोळ्यांत, की त्या दोन झोतांच्या मधला माणूस दोघांनाही दिसत नाही. उजेड भरपूर असतो हो. माणूस दिसत नाही.

आता बल्बकडे येऊ. बहुतेक जुन्या मोटारींत, जीपांत, पिकअपमध्ये एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. एक हातात घेऊन बघा. काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो; बुडाला धरा. आत दोन तारा दिसतील. एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एवढीशी वाटी असते, नखाएवढी. ती वाटी कशाला? डिपर लावला की तारेचा खाली जाणारा प्रकाश ती अडवते. म्हणून रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर प्रकाश पडतो आणि तिथून तो रस्त्याकडे, खाली, परततो. समोरच्याच्या डोळ्यांचं रक्षण करणारी वस्तू ती एवढीच. नखाएवढा पत्रा.

आता बाजारातला स्वस्त एलईडी बल्ब घ्या. त्यात तार नाही, वाटी असली तर नावापुरती. एका काडीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या. रिफ्लेक्टर ज्याने घडवला त्याने तारेची जागा मिलिमीटरमध्ये धरून घडवलाय. चिप एखाद-दोन मिलिमीटर पुढेमागे झाली की रिफ्लेक्टरचा सगळा हिशोब बिघडतो. प्रकाश झाडाच्या शेंड्यावर जातो, समोरच्याच्या कपाळावर जातो, फक्त रस्त्यावर जात नाही. खोक्यावर मात्र हजारांत लुमेन छापलेले. आपला साधा एच-फोर डिपरला हजार आणि अप्परला साडेसोळाशेच्या आसपास लुमेन देतो, आणि तेवढ्यावर लोकांनी धुळे-नागपूर आयुष्यभर केलं.

जळगावच्या माणसाला ठिबक शिकवायला नको, म्हणून ठिबकच्याच भाषेत सांगतो. पूर्वी पाटाने पाणी द्यायचो. मोटर चालू केली की पाणी वाफ्यात, बांधावर, शेजाऱ्याच्या तुरीत, सगळीकडे. पाणी भरपूर, पण केळीच्या बुडाशी किती? मग ठिबक आलं. पाणी कमी आणि घड मोठा. का? तर थेंब बुडाशी पडतो. कंपनीने बसवलेला हेडलाईट हे ठिबक आहे. थोडा प्रकाश, पण रस्त्याच्या बुडाशी. आणि आपण काय करतो, तर ठिबकची नळी काढून फेकतो, दहा एचपीची मोटर लावतो आणि शेजाऱ्याच्या शेतात तळं करतो. वर म्हणतो, बघा किती पाणी!

बरं, ठिबकवर झाड सुकायला लागलं तर शहाणा शेतकरी आधी काय बघतो? मोटर बदलतो का? नाही. फिल्टर उघडतो. तुमच्या दिव्याचा फिल्टर म्हणजे पुढची काच. ती काच नसतेच, पॉलीकार्बोनेट असतं, आणि आपल्या मे महिन्यातल्या उन्हात उभं राहून राहून पिवळं पडतं. बाजूने हात फिरवा, खरखरीत लागेल. टूथपेस्टने घासून चार दिवस बरं दिसतं. नीट करायचं तर हजार-दोन हजार नंबरचा पॉलिशपेपर पाणी लावून, मग पॉलिश, आणि शेवटी ऊन अडवणारा पारदर्शक लेप. लेप विसरलात तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. एवढं केल्यावर निम्मे लोक बल्ब बदलायचं नाव काढणार नाहीत.

फिल्टर झाला, मग पाईपलाईन. मोटर चांगली, पण पाईप अरुंद, ठिकठिकाणी गळतोय, तर टोकाला दाब राहील का? गाडीची वायर तेच करते. इंजिन चालू ठेवून मीटर लावा. बॅटरीवर चौदा व्होल्ट दिसतील. आता दिवा लावून बल्बच्या होल्डरवर बघा. जुन्या गाडीत साडेबारा मिळाले तरी खूप. म्हणाल, दीड व्होल्टने काय होतं? व्होल्टेज दहा टक्के पडलं की हॅलोजनचा प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. बल्ब तोच, कंपनी तीच, उजेड तीस टक्के कमी. उपाय म्हणजे अर्थिंगचा गंजलेला बोल्ट घासा, बॅटरीपासून जाड वायर आणि रिले टाका. ऑटो इलेक्ट्रिशियनला तास-दोन तासांचं काम.

ते न करता माणसं १००/९० वॅटचा बल्ब टाकतात. गणित सोपं आहे. अप्परवर ६० वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर दहा अँपिअर ओढतात. शंभरचे दोन साडेसोळा ओढतात. वायर मात्र पहिलीच. मग होल्डर पिवळा होतो, मग तपकिरी, मग जळका वास. मोटारसायकलवाल्यांचं तर विचारू नका. दिवा असतो ३५ वॅटचा, पोरगं त्यात खटपट करून मोटारीचा एच-फोर बसवतं आणि महिन्याने विचारतं, ‘सर, स्विच का वितळला?’ शिवाय एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींना दिवा बंद करायचं बटणच नाही, दिवसाही चालू. म्हणजे तो ज्यादा भार दिवसभर.

खरंच जास्त उजेड हवाय? हवा असू शकतो, मी नाही म्हणत नाही. तर नामांकित कंपनीचा त्याच वॅटचा, ६०/५५चाच, पण जास्त प्रकाश देणारा हॅलोजन मिळतो. तारेची जागा तीच, वाटी तीच. टिकतो कमी दिवस, एवढंच. निळसर काचेचा मात्र घेऊ नका. निळा रंग प्रकाश वाढवत नाही, गाळतो. आणि ज्या गाडीला कारखान्यातूनच एलईडी दिवा आलाय, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथे दिवा आणि चिप एकमेकांसाठी घडवलेली असतात.

आता फॉगलाईट. मला सांगा, आपल्याकडे धुकं पडतं किती? पौष-माघात तापी-गिरणेच्या काठाने काही सकाळी. आणि फॉगलाईट चालू असतात बाराही महिने, वैशाखातसुद्धा! धुक्याचा दिवा बंपरजवळ खाली का बसवतात? धुकं म्हणजे पाण्याचे बारीक कण. वर गेलेला प्रकाश त्या कणांवरून उलटून आपल्याच डोळ्यांत येतो आणि पुढे पांढरा पडदा होतो. म्हणून हा दिवा खाली, आडवा पसरणारा, वरून कापलेला. लांब बघायला तो नाहीच, डांबराची कड दिसावी म्हणून आहे. धुक्यात अप्पर लावून शोधत बसणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. आणि पावसात ओल्या डांबरावर फॉगलाईटचा प्रकाश आरशासारखा उसळतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पाऊस लागला की बंद करा.

पिवळा बल्ब घ्यावा का, असं नेहमी विचारतात. पिवळा प्रकाश धुकं भेदतो, हे काही खरं नाही. धुक्याचे कण एवढे मोठे असतात की त्यांना रंगाशी देणंघेणं नसतं. पण निळा भाग गाळल्यामुळे पिवळा डोळ्यांना सोसवतो, म्हणून बरा. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत मोटारींना पिवळेच दिवे असत. त्यावर बोलण्यासारखं खूप आहे, पण घड्याळ समोर आहे.

मूळ मुद्द्यावर येतो. उजेड पडतो कुठे? हे बघायला दुकान लागत नाही, एक भिंत लागते. गावात शाळेची असेल, जिनिंगची असेल, सपाट जागेसमोरची. टायरमध्ये हवा बरोबर भरा, चालवणाऱ्याला सीटवर बसवा. गाडी भिंतीला चिकटवा आणि दिव्याच्या मध्याची उंची खडूने मांडा. मग सरळ दहा मीटर मागे या आणि डिपर लावा. भिंतीवर उजेड-अंधाराची रेघ दिसेल. ती खडूच्या खुणेपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली हवी. डाव्या बाजूला ती किंचित वर चढते, ते बरोबर आहे. आपण डावीकडून चालतो, कडेचा माणूस दिसावा म्हणून ती तशी असते. रेघ वर असेल तर दिव्याच्या मागे स्क्रू असतो, तो फिरवा. एलईडी टाकलेल्यांना तर रेघच दिसणार नाही, नुसता पसारा दिसेल. दिसला की ओळखा आणि जुना बल्ब परत घाला. फेकला नसेल तर.

आणि हे नीट ऐका, कारण इथेच सगळे चुकतात. ही रेघ रिकाम्या गाडीची झाली. सावद्या-रावेरला पिकअपमध्ये मागे केळी भरली की मागचा भाग बसतो, नाक वर येतं, आणि बिचारा डिपरही अप्पर होतो. चालवणारा म्हणतो, ‘मी तर डिपरवरच आहे!’ समोरचा म्हणतो, ‘काही दिसत नही भो!’ दोघंही खरं बोलतात. अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ एक छोटी चकती असते, शून्य, एक, दोन, तीन आकड्यांची. आकडा वाढवला की दिवा खाली उतरतो. वर्षानुवर्षं ती शून्यावर असते. काहींना ती कशाची हेच माहीत नसतं. ज्यांच्या गाडीला नाही, त्यांनी भरलेल्या गाडीची रेघ भिंतीवर मापावी.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे अशा एकेका बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाच्या भीतीने कोणी बल्ब काढला तर मला त्यात फार आनंद नाही. ट्रकच्या मागे आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय, ‘यूज डिपर ॲट नाईट’. वाचतो, हसतो आणि अप्पर लावून ओव्हरटेक करतो.

काचेपलीकडून खूण झाली, एकच मिनिट राहिलंय. ट्रॅक्टरवाल्यांशी बोलायचं होतं, ते राहूनच गेलं. पुढे चार फोकस आणि मागे ट्रॉलीला एकही दिवा नाही, हा काय न्याय आहे? कापसाचे, उसाचे दिवस आहेत. तिची वायरिंग कशी करावी, ते सविस्तर पुन्हा कधी वेळ मिळाला तर. तोवर ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावा, दोन्ही टोकांना लावा, म्हणजे मागच्याला ट्रॉली केवढी रुंद आहे ते कळेल. आधी चिखल धुऊन घ्या, चिखलावर ती चिकटत नाही. आणि उसाची मोळी बाहेर आली असेल तर...

बरं, थांबतो.